मापाचा ब्लाऊज

आमच्या थोरल्या जाऊबाईंइतकी दागिन्यांनी मढलेली आणि कपड्यांनी गांजलेली बाई अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरी नव्हती, हे मी कुठल्याही देवळात उभी राहून सांगायला तयार आहे. सकाळी त्यांच्या दाराची बेल वाजवावी, तर दार उघडणाऱ्या व्यक्तीच्या गळ्यात ठुशी, ठुशीखाली बोरमाळ, बोरमाळेखाली मोहनमाळ, हातात पाटल्या, आणि हा सगळा ऐवज ज्याच्यावर मांडलेला असायचा तो एक विटका, फुलाफुलांचा गाऊन. त्यावरची फुलं मुळात कुठल्या रंगाची होती हे जाऊबाईंनाही सांगता आलं नसतं. वर लाजेकाजेस्तव एक ओढणी. नवा कुरियरवाला पहिल्यांदा यायचा तेव्हा पार्सल पुढे करण्याआधी दोन पावलं मागे सरकायचा. आपण चुकून एखाद्या देवीसमोर उभे राहिलो आहोत आणि देवीचं वस्त्र अजून धोब्याकडून यायचंय, अशी काहीशी त्याची समजूत होत असावी. "नवा दागिना अंगवळणी पडायला लागतो गं," असं जाऊबाईंचं म्हणणं. "कार्याच्या दिवशी एकदम घातला तर टोचतो." म्हणून मग भाकऱ्या थापताना, मासळी साफ करताना, बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालताना त्या दागिन्याचा सराव चाले. कपड्यांचा सराव करण्याचा मात्र प्रश्नच नव्हता, कारण त्यांच्या अंगावरचे कपडे सरावाच्या पलीकडे गेलेले असत.

मी मूळची डोंबिवलीची. लग्न करून बाळकुमला आले तेव्हा सासरचं जुनं कोळ्यांचं घर पडून त्या जागी बिल्डिंग उभी राहिली होती. जिथे पूर्वी जाळी वाळत घालायचे तिथे आता गाड्या उभ्या असतात. मोबदल्यात मिळालेल्या दोन फ्लॅटांची दारं समोरासमोर, एक आमचं आणि एक थोरल्या दिरांचं. सासूबाई आयुष्यभर टोपली घेऊन मासळी विकत हिंडल्या आणि मिळेल ते सोन्यात घालत राहिल्या. "नोटा ठेवशील तर पोरं मांगतील. गल्यान घाल, कोन मांगाला नाय येत," हा त्यांचा सुनांना उपदेश. मी तो एका कानाने ऐकला. जाऊबाईंनी तो मनावर घेतला, आणि मग त्यात पर्सची भर आपल्या बुद्धीने घातली.

जाऊबाई वागळे इस्टेटमध्ये औषधाच्या बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस आहेत. त्यांच्या टेबलावर एक बिनचूक, साहेबांनी मान्य केलेलं बूच ठेवलेलं असतं, त्याला तिथे सॅम्पल म्हणतात. मशीनमधून पडलेलं बूच उचलायचं, सॅम्पलशेजारी ठेवायचं, डोळे बारीक करायचे आणि पास की नापास ते सांगायचं. या कामात त्यांचा दरारा असा, की बुचंसुद्धा त्यांच्यासमोर सरळ बसतात असं थोरले दीर म्हणतात. "सॅम्पल चुकलं की अख्खा लॉट चुकतो," हे त्यांचं तत्त्व कारखान्यापुरतं नव्हतं. इडल्या केल्या तर पहिली इडली बाजूला काढून बाकीच्या तिच्याशी ताडून बघितल्या जायच्या. त्यांच्या लेकीला, सायलीला, सांगून आलेला पहिला मुलगा त्यांनी नाकारला तो मुलगा वाईट होता म्हणून नव्हे, तर त्याला ताडून बघायला आधीचा कुणी नव्हता म्हणून. कारखान्यात सगळ्या बायकांना गुडघ्यापर्यंत निळा कोट घालावा लागतो. बाकीच्या सुट्टीची घंटा झाली की कोट काढून, केस सारखे करून बाहेर पडतात. जाऊबाई कोटासकट घरी येत. "या कोटामुळे मी इतकी वर्षं टिकली तिथे," असं एकदा त्या बोलून गेल्या होत्या. मला तेव्हा ती गंमत वाटली.

पर्सचं प्रकरण दागिन्यांहून जुनं की नवं हे मला नक्की माहीत नाही, पण घरातला पोटमाळा पर्सनीच भरलेला होता. बोनस आला की पर्स, पगारवाढ झाली की पर्स, कुणी उगाच टोमणा मारला तर त्याच संध्याकाळी पर्स. प्रत्येक पर्स जुन्या उशीच्या अभ्र्यात निजलेली, आणि तिचा आकार बिघडू नये म्हणून पोटात वर्तमानपत्राचे बोळे. पर्समध्ये काही ठेवायचं मात्र नाही. ठेवलं की ती फुगते. त्यामुळे किल्ल्या, मोबाईल, छत्री, कोथिंबिरीची जुडी, सगळं सराफाच्या दुकानातून फुकट मिळालेल्या कापडी पिशवीत. एका हातात भरलेली पिशवी आणि दुसऱ्या हातात रिकामी पर्स, अशा जोडीनेच त्या कुठेही जायच्या. आणि ही पर्स खांद्याला लटकवलेली मी कधीही पाहिली नाही. ती नेहमी पुढ्यात, पोटासमोर, दोन्ही हातांनी धरलेली.

एकदा नवरात्रात आम्ही टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला गेलो होतो. रांग सरकत सरकत अगदी मूर्तीसमोर आली, तेव्हा तिथला एक कार्यकर्ता म्हणाला, "मावशी, पर्स जरा खाली घ्या ना, मागच्यांना दिसत नाही." पर्सही तशीच होती, लहान बॅगेएवढी. जाऊबाई म्हणाल्या, "अरे, मागच्यांना देवी बघायची आहे का मला बघायचंय?" आणि पर्स दोन्ही हातांत तशीच धरून त्यांनी वाकून नमस्कार केला. त्या वर्षी देवीला जाऊबाई दिसल्या की नाही शंका आहे. पर्स मात्र नक्की दिसली असणार.

तुम्ही म्हणाल, मग साड्या-बिड्या या बाईकडे नव्हत्याच का? होत्या की. लग्नाकार्यात मानाच्या मिळालेल्या, दिरांनी हौसेने आणलेल्या, कपाट गच्च भरून होत्या. अडायचं ते ब्लाऊजपाशी. आता ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडच्या बायका शिंपिणीला अंगाला टेप लावू देत नाहीत. आपल्याला नीट बसणारा एक जुना ब्लाऊज कापडाबरोबर देतात आणि सांगतात, "अस्साच शिवा." तो मापाचा ब्लाऊज. प्रत्येक बाईचा असा एक असतो. तो फाटेपर्यंत शिंपिणीच्या घरच्या वाऱ्या करतो आणि दर वेळी धाकटं भावंड घेऊन परत येतो. जाऊबाईही नेमाने आपला मापाचा ब्लाऊज देत. फक्त तो कुणाच्या दृष्टीस पडू देत नसत. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर गाठ मारून तो जायचा आणि तसाच गाठ मारून परत यायचा.

नवा ब्लाऊज शिवून आला की पुढचा सोहळा ठरलेला. खोलीचं दार लागायचं. बराच वेळ काही ऐकू यायचं नाही. मग कपाट उघडल्याचा आणि बंद झाल्याचा आवाज, आणि पुन्हा त्याच गाऊनमध्ये बाहेर येऊन जाऊबाई जाहीर करायच्या, "हिला पण काही येत नाही." बाळकुमपासून नौपाड्यापर्यंत एकही शिंपीण त्यांच्या तावडीतून सुटली नाही. मी मोठ्या विश्वासाने माझी डोंबिवलीची शिंपीण सुचवली. आठ-दहा दिवसांनी निकाल आला, "तुमच्या डोंबिवलीत नाटकं चांगली होत असतील गं, ब्लाऊज नाही होत." शेवटी त्या एकाच काळ्या ब्लाऊजवर आल्या. त्याच्या सगळ्या शिवणी पार कडेपर्यंत उसवून झाल्या होत्या, उरलंसुरलं सेफ्टी पिनांनी सांभाळलेलं होतं, आणि या सगळ्यावर पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला असायचा. गळ्यात तेवढं लखलखत असायचं. "कपड्यावर खर्च म्हणजे पैसे पाण्यात," असं त्या ठासून सांगायच्या आणि सराफाकडे जायच्या. मी घरी येऊन नवऱ्याला त्यांची नक्कल करून दाखवायचे. आम्ही दोघं पोट धरून हसायचो.

मग सायलीचं लग्न ठरलं. मुलगा कल्याणचा, नोकरी बडोद्याला, लग्न झालं की दोघं तिकडेच राहणार. आमच्याकडे लग्नापेक्षा हळदीचा थाट मोठा. हल्ली त्यात एक नवीन भर पडली आहे. नवरीचे लहानपणापासूनचे फोटो गोळा करून त्यांची फिल्म पडद्यावर दाखवतात. सायली सगळे अल्बम आणि सगळ्यांचे मोबाईल घेऊन माझ्या सोफ्यावर बसली होती आणि मी समोर वाल सोलत होते. पहिल्यांदा ती हसतच होती. "काकी, हे बघ, माझा पहिला वाढदिवस. ही तपकिरी पर्स म्हणजे आई." शाळेच्या गॅदरिंगला लाल पर्स. दहावीच्या निकालाला चंदेरी पर्स, तिच्यावरून दोन डोळे. पिकनिकच्या फोटोत थोरले दीर, मी, माझा नवरा, सगळे अख्खे, आणि आमच्यामागे एक मोहनमाळ, बाकी कुणी नाही. लांबून काढलेल्या एका फोटोत त्या झाडाआड होत्या. आम्ही हसत हसत शेवटच्या मोबाईलपर्यंत आलो आणि सायलीने तो उलटा करून सोफ्यावर ठेवला.

"काकी, माझ्याकडे आईचा एक पण अख्खा फोटो नाहीये."

मी म्हटलं, असेल गं कुठेतरी. ती म्हणाली, "नाहीये. मी सगळे बघितले. बडोद्याला जाऊन मी भिंतीवर काय लावू, पर्स?" आणि माझ्या सोललेल्या वालांवर ती पोरगी ढसाढसा रडली. इतकी वर्षं ज्या पर्सला मी हसत आले, ती पर्स मला त्या दुपारी पहिल्यांदा नकोशी झाली.

सायलीने आईला सरळ सांगितलं. मला बाकी काही नको, हळदीला तुझ्यासोबत एक फोटो हवा, अख्खा, डोक्यापासून पायापर्यंत, मध्ये काही न धरता. जाऊबाईंनी "बघू" म्हटलं. त्यांच्या "बघू"चा अर्थ आम्हाला पाठ होता. त्यांनी लगेच दुसरी तयारी सुरू केली. हळदीला घालायला पाच पदरी हार सराफाकडे पसंत करून ठेवला, त्याच्या जोडीला पिवळ्या साडीवर शोभेल अशी एक भलीमोठी सोनेरी पर्स हेरली, आणि घरात सांगून टाकलं की हळदीच्या दिवशी मी मागे जेवणाकडे बघणार आहे, पाहुण्यांचं पान चुकता कामा नये, स्टेजवर तुम्ही बघा. लेकीच्या हळदीला आई मागच्या बाजूला वड्यांच्या टोपापाशी! दीर चिडले, मी चिडले. सायली चिडली नाही. ती नुसती आईकडे बघत राहिली. ते जास्त वाईट होतं.

आमच्यात हळदीला घरच्या सगळ्या बायका एकसारखी साडी नेसतात. पिवळ्या साड्या आल्या आणि ब्लाऊज एकाच ठिकाणी शिवून घ्यायचं ठरलं. सगळ्यांचे मापाचे ब्लाऊज गोळा करून शिंपिणीला नेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं. जाऊबाईंची काळी पिशवी आली. "गाठ सोडू नकोस, स्मिता. तिलाच सोडू दे," असं त्यांनी बजावलं. मीही सोडली नाही. शिंपिणीने सगळे गठ्ठे घेतले, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टोचली आणि तारीख दिली. त्या तारखेला ब्लाऊज तयार नव्हते हे वेगळं सांगायला नको. दोन खेपा घालून एका संध्याकाळी मी सगळा ढीग घरी आणला आणि जाऊबाईंच्या हॉलमध्ये दिवाणावर ओतला.

सायली सगळ्यात आधी तुटून पडली. ढिगातला एक ब्लाऊज उचलून आत गेली आणि पाच मिनिटांत बाहेर आली ती गिरकी घेत. "काकी, काय मस्त बसलाय बघ! कुठे ओढत नाही, कुठे सैल नाही. अशी शिलाई माझ्या आयुष्यात कुणी केली नाही." खरंच, जणू अंगावर ठेवून शिवलेला. मी कौतुकाने मागचं हूक बघायला गेले, तर पाठीशी चिठ्ठी तशीच टोचलेली होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "थोरली वहिनी".

आणि नेमक्या त्याच वेळी थोरली वहिनी कारखान्यातून येऊन दारात उभी होती, निळ्या कोटात, एका हातात पिशवी, पोटासमोर पर्स.

सायलीला काही कळलं नव्हतं. ती भाबडेपणाने म्हणाली, "आई, तू माझं माप कधी दिलंस?"

जाऊबाई आत आल्या. त्यांनी पर्स टीपॉयवर ठेवली. दिवाणावरची काळी पिशवी उचलली, गाठ सोडली आणि आतला ब्लाऊज बाहेर काढला. बाटलीसारख्या हिरव्या रंगाचा, जरीची बारीक किनार असलेला, नव्या नवरीचा ब्लाऊज. त्यांच्या लग्नातला. तो त्यांनी सायलीच्या अंगावरच्या पिवळ्या ब्लाऊजशेजारी धरला, बाहीला बाही लावली, खांद्याला खांदा लावला, कारखान्यात बूच धरतात तसे डोळे बारीक केले. नंतर दिवाणावर बसून म्हणाल्या,

"सॅम्पल चुकलं."

मला हसू फुटलं. दिवाणावर बसून त्याही हसायला लागल्या, आणि हसता हसताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मला माहीत होतं गं," त्या म्हणाल्या. "मी मुद्दाम तोच द्यायची. शिंपीण काय लगेच देते का? दोन-चार आठवडे लावते. मला वाटायचं, तोपर्यंत होईन मी बारीक. दर वेळी वाटायचं. मग तो यायचा आणि मी होती तशीच."

आणि मग त्यांनी आजवर कुणाला न सांगितलेलं सांगितलं. सायली झाल्यावरच्या पहिल्या दिवाळीला त्या दुकानात ड्रेस घ्यायला गेल्या होत्या. आतल्या खोलीत अंगात घातला तो निघेच ना. दोन विक्रेत्या मुली ओढायला आल्या. पडद्याबाहेर दीर उभे, सासूबाई उभ्या, अख्खं दुकान उभं. "एक पोरगी दुसरीला बोलली, काकूंच्या साइजचं इथे नाय मिळणार, त्यांना वर पाठव. मी तेव्हा कोणाची काकू पण नव्हती गं, स्मिता. तुझं लग्न पण नव्हतं झालेलं." नाक पुसून त्या पुढे म्हणाल्या, "त्याच दिवशी येताना मी पहिली पर्स घेतली. पर्सला साइज नसते. ठुशी कधी बोलत नाही की बाई तू वाढलीस. घातली की झाली."

एवढी वर्षं समोरासमोर दारं, आणि मी त्यांच्या नकला करण्यात दंग होते. सायली मात्र शहाणी. तिने आईला मिठी बिठी मारली नाही, तिने सरळ कपाट उघडलं. तळाशी, साड्यांच्या मागे, एकदाही न घातलेले ब्लाऊज घड्या करून ठेवलेले होते. लाल, जांभळे, मोरपंखी, खणाचे, जरीचे, एकेका नापास शिंपिणीचा एकेक. सायलीने एक घातला. बसला. दुसरा घातला. बसला. तिने आरशासमोर रांगच लावली आणि दर ब्लाऊजला मी टाळ्या वाजवत गेले. बिचाऱ्या शिंपिणी! सगळ्याजणी पास होत्या. जाऊबाई दिवाणावर बसून एकेक बघत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत होता. "म्हणजे वाया काही गेलं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "हिच्यासाठीच शिवत होती म्हणायचं मी."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना शिंपिणीकडे घेऊन गेले. टेप बघितल्यावर त्यांनी डोळे घट्ट मिटले, सुई टोचून घेताना लहान मूल मिटतं तसे. "मोठ्याने नका बोलू हां," असं आधीच सांगून ठेवलं. शिंपिणीचं निम्मं लक्ष टीव्हीवरच्या मालिकेत होतं. तिने छाती, कंबर, दंड मोजले, खडूने कापडाच्या कोपऱ्यावर काहीतरी खरडलं आणि म्हणाली, "झालं. गळा मागून गोल की चौकोनी?" जाऊबाईंनी एक डोळा उघडला. "झालं? एवढंच?" "मग अजून काय?" शिंपीण म्हणाली. दुकानाच्या पायऱ्या उतरून आम्ही रस्त्यावर आलो आणि त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की शेजारून जाणाऱ्या बाईने वळून पाहिलं. तिथूनच त्यांनी सराफाला फोन लावला आणि हार नको म्हणून सांगितलं. पलीकडच्याला वाटलं घरात काही वाईट झालं की काय. "तसं काही नाही हो," त्या म्हणाल्या. "मला कपडे घ्यायचेत."

आणि घेतले! इतक्या वर्षांची भूक होती ती. आमची स्वारी ठाण्यातून निघाली ती थेट कल्याणच्या बाजारापर्यंत पोचली. सुती कुर्ते, इरकली साडी, नारायणपेठ, घरात घालायला झुळझुळीत सलवार-कमीज, आणि जन्मात पहिल्यांदा दोन पँट्स. कारखान्यातली करडी नजर आता कापडावर रोखली गेली. ट्रायल रूममध्ये त्या शिरल्या की बाहेरच्यांनी खुशाल खाली जाऊन चहा पिऊन यावं. आत त्या उभ्या राहून बघत, बसून बघत, भाकरी थापल्यासारखे हात हलवून बघत, माळ्यावरचा डबा काढल्यासारखा हात वर करून बघत. एका दुकानात विक्रेती मुलगी म्हणाली, "काकू, याच्यात मोठी साइज देऊ?" जाऊबाई पडद्यातून डोकं काढून शांतपणे म्हणाल्या, "दे की. आणि शिवण आतून पक्की असलेली दे, ही उसवणार." ती मुलगी निमूटपणे गेली आणि मी देवाचे आभार मानले.

हळदीच्या आदल्या दिवशी गाऊन घरातली फरशी पुसायला निघाला. पर्स वाटल्या गेल्या. एक माझ्या वाट्याला आली, तिच्या पोटात अजून वर्तमानपत्राचे बोळे आहेत. एकीत माझ्या चुलत सासूबाई कांदे ठेवतात. सोनं काही त्यांनी टाकून दिलं नाही. बरंचसं सायलीच्या अंगावर गेलं, ठुशी तेवढी सणासुदीला ठेवली.

हळदीच्या संध्याकाळी बिल्डिंगच्या आवारात मांडव पडला, बँजो सुरू झाला, पोरं बेभान नाचत होती आणि जाऊबाई पिवळी साडी नेसून खोलीतून बाहेर आल्या. मी काही अलंकारिक बोलणार नाही. साडी साधी होती, आम्हा सगळ्यांचीच तीच होती. पण ब्लाऊज अंगाला बसला होता, पदर एकाच खांद्यावर होता, त्यामुळे त्यांना मान होती हे मला त्या दिवशी कळलं. थोरले दीर हातातला पाण्याचा ग्लास घेऊन तसेच उभे राहिले. "काय बघता? पाहुणे बघा," त्या म्हणाल्या आणि लाजल्या. वड्यांच्या टोपाकडे त्या फिरकल्याही नाहीत.

स्टेजवर फोटोवाला म्हणाला, "काकू, हात मोकळे सोडा." आता खरी पंचाईत झाली. इतकी वर्षं ज्या हातांना पर्स धरायची सवय, ते मोकळे सोडायचे म्हणजे ठेवायचे कुठे? त्यांनी ते पुढे घेतले, मागे नेले, कमरेवर ठेवले, पुन्हा पोटासमोर आणले. सायलीच्या गालांना हळद, हातांना हळद. तिने आईचा एक हात धरला, थोरल्या दिरांनी दुसरा धरला आणि फोटो निघाला. साडीच्या पदरावर सायलीच्या पंजाचा पिवळा ठसा उमटला, पिवळ्यावर पिवळा, जवळून बघितलं तरच दिसणारा.

सायली बडोद्याला जाऊन आता वर्ष होत आलं. सगळे रंगीत ब्लाऊज ती घेऊन गेली, आणि निघताना तो हिरवाही तिने मागून घेतला, मापाला लागेल म्हणून. जाऊबाई आता कारखान्यात सुट्टीची घंटा झाली की कोट काढून, कुर्ता सारखा करून बाहेर पडतात. माझ्या अंगावरच्या कपड्यांची शिवण उलटी करून बघतात आणि "ही दोन धुण्यांत जाणार" असं चारचौघांत सांगतात, हा एवढा नवा त्रास सोडला तर सगळं ठीक आहे. त्यांची नक्कल मात्र मला आता पूर्वीसारखी जमत नाही.

परवा संध्याकाळी सायलीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिथेच होते. तिच्या मागे भिंतीवर तो फोटो होता. जाऊबाईंनी चष्मा लावला, मोबाईल जवळ धरला, लांब धरला. "अगं, मी एवढी आहे?" त्यांनी विचारलं. "एवढीच आहेस," सायली म्हणाली. जाऊबाईंनी पुन्हा एकदा नीट पाहिलं. "बरी दिसते पण," त्या म्हणाल्या. सायली उत्साहाने सांगत होती, तिथे एक छान शिंपीण मिळाली आहे, तिला तुझा हिरवा ब्लाऊज दिला आणि नवा अगदी तसाच शिवून आला. जाऊबाईंचा चेहरा एकदम कारखान्यातला झाला.

"या वेळी दिलास तो दिलास," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी नवं माप दे. दर वर्षी नवं दे. तो हिरवा जपून ठेव हवा तर, पण शिंपिणीला देऊ नकोस. ऐकतेस ना?"

"हो गं आई," असं म्हणून तिने फोन ठेवला. मोबाईलचा पडदा काळा झाला तरी जाऊबाई त्याच्याकडे बघत होत्या. दोन्ही हात मोकळे, मांडीवर. मी चहा टाकायला उठले.